प्रकरण चौदावे : चंपावतीच्या वाट्या

सोसायटीच्या हॉलला छतात हूक एकच होता. त्याला पाळणा टांगायचा की कंपनीचा बॅनर, हा प्रश्न आत्माराम पेडणेकरांनी मनातल्या मनात केव्हाच सोडवून टाकला होता. पाळणा हुकाला, बॅनर मागच्या खिडकीच्या गजांना. एकाच रविवारी, एकाच हॉलमध्ये आपण दोन कार्यक्रम ठेवलेत, हे घरात कोणाला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

त्यांच्या दृष्टीने यात लपवण्यासारखं काही नव्हतं. वीज कंपनीने नवं धोरण काढलं होतं: जे करायचं ते लोकांना विचारून. पूनम सागर सोसायटीच्या मागच्या बाजूला विजेचा दाब फार कमी. संध्याकाळी मिक्सर नुसता गुरगुरायचा, आणि नाल्यापलीकडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मोटरी जळायच्या. नवा ट्रान्सफॉर्मर हवाच होता, आणि तो आपल्या दारात मात्र कोणालाच नको होता. म्हणून कंपनीने सल्लागार समिती नेमली. रहिवाशांचा आवाज म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी आत्माराम, उद्योगाचा आवाज म्हणून गाळेवाल्यांतला नीरज. नीरज म्हणजे आत्मारामांचाच थोरला मुलगा.

दिवाळीत नीरजने बरी चाललेली नोकरी सोडून स्टीलच्या भांड्यांचा गाळा घेतला, तोही वडिलांना न विचारता. तेव्हापासून बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच टेबलावर जेवायचे, आणि मीठ लागलं तर नीरजच्या आईला, हंसाबाईंना सांगायचे. समितीत मात्र बोलणं भाग होतं. तिथे आत्माराम मुलाला 'उद्योग प्रतिनिधी' म्हणत आणि मुलगा त्यांना 'रहिवासी प्रतिनिधी'. हंसाबाईंना समिती त्यासाठीच आवडायची. "तेवढं तरी तोंड उघडतात," त्या म्हणायच्या.

मागच्या बैठकीला हे दोघे, वॉचमन विठू आणि पोलिओचा डोस इथेच आहे समजून आलेली एक बाई, एवढीच माणसं होती. कंपनीची मुलगी जाताना म्हणाली होती, "काका, लोकांना रसच नसेल तर वरचे लोक त्यांचं ते ठरवतील." ते आत्मारामांना लागलं होतं. विजेसाठी कोणी येत नाही हे खरं, पण जेवायला येतात. आणि नातीचं बारसं तोंडावर आलं होतं.

आता त्यांनी गळ्यात समितीचा बिल्ला अडकवला, वर बारशाचा फेटा चढवला आणि दाराशी उभे राहिले. आज गर्दी होणार होती.

*

"अहो, ही मुलगी कोण?" हंसाबाई पाळण्याला शेवंती बांधता बांधता म्हणाल्या. "आणि ती बारशाला सिनेमाचं मशीन घेऊन का आलीय?"

दारात वीज कंपनीची आयरिन उभी होती. मागच्या बैठकीला आलेली तीच, जवळच्या उत्तन गावची. एका खांद्यावर प्रोजेक्टरची बॅग, दुसऱ्यावर गुंडाळलेला बॅनर. पाळणा बघून ती दोन पावलं मागे गेली आणि हॉलच्या पाटीकडे पुन्हा एकदा बघून आली.

"काका, आपली मिटिंग हितंच हाय ना?"

"इथेच, इथेच. या. लोक आलेच की."

"पण हे..."

"तेही आहे," आत्माराम म्हणाले. "आधी तुमचं, मग आमचं, मग जेवण. दाराला कडी घातली की कोणी मधून उठत नाही."

हंसाबाईंनी हातातली शेवंती खाली ठेवली. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी या माणसाचे पुष्कळ बेत शेवटच्या घटकेला ऐकले होते. परळची खोली विकून मीरा रोडला यायचं हेसुद्धा त्यांना टेम्पो दारात आल्यावर कळलं होतं.

"मला सांगायचंत तरी," त्या म्हणाल्या.

"सांगतोय की आत्ता."

आयरिनने बाहेर न बघताच घाईघाईने गजांना बॅनर बांधला. 'आपली वीज, आपलं मत'. खिडकी पुरती झाकली आणि हॉलमध्ये जरा अंधारलं. मग प्लग शोधायला लागली. प्लगही एकच होता, आणि त्यात केटररने कॉफीची टाकी लावली होती. दोघांत थोडी बोलाचाली झाली. शेवटी एक एक्स्टेंशन आलं, आणि कॉफी उकळायला लागली की प्रोजेक्टरचा उजेड मंद व्हायचा.

तेवढ्यात नीरज वाट्यांची खोकी घेऊन आला. स्टीलच्या शंभर वाट्या, येणाऱ्या प्रत्येकाला एकेक. आत्मारामांनी ऑर्डर हंसाबाईंकडे दिली होती, हंसाबाईंनी ती नीरजकडे पोचवली होती. त्याने एक वाटी काढून आईला दाखवली. 'चि. चंपावती हिच्या बारशानिमित्त सप्रेम भेट, पेडणेकर परिवार, २००७'.

"अक्षर थरथरलंय रे."

"व्होल्टेज नव्हतं. मशीन धापा टाकत होतं." नीरजने आवाज खाली आणला. "आई, नाव ममताला माहितीये ना?"

हंसाबाई वाटी उजेडाकडे धरून बघत राहिल्या. चंपावती त्यांच्या सासूचं नाव. त्या नावापुढे त्यांनी बावीस वर्षं पदर सावरला होता. ऑर्डर ऐकली तेव्हा खरं म्हणजे त्यांना आतून हसू फुटलं होतं. आता त्याच नावाला दिवसभर हाका मारायच्या. चंपे, झोप आता. चंपे, पुन्हा शी केलीस? अशी संधी कुठल्या सुनेला मिळते? म्हणून त्यांनी काही विचारलं नव्हतं.

"तुझ्या वडिलांनी सगळ्यांना विचारलंय," त्या म्हणाल्या.

"विचारलंय ते मला पण माहितीये. मी 'मृण्मयी' सांगितलं होतं तुझ्यातर्फे. 'छान' म्हणाले."

*

महिनाभर हेच चाललं होतं. जेवायला बसलं की आत्माराम एकेकाला नाव विचारायचे, सांगितलेलं नाव नीट ऐकून घ्यायचे, 'छान' म्हणायचे आणि आमटीचा भुरका मारायचे. ममताने 'सई' सांगितलं तेव्हा ते दोनदा 'छान' म्हणाले होते. बाळाची आई आणि घरातली धाकटी सून ती. तिला वाटलं, ठरलं.

ती बाळाला घेऊन हॉलमध्ये आली तेव्हा पहिल्याच रांगेत तळमजल्यावरच्या कांताबेन बसल्या होत्या. त्यांनी बाळाची दृष्ट काढली, आणि मांडीवरची वाटी उचलून म्हणाल्या, "कितनी मजबूत कटोरी है. अने नाम बी सरस छे. चंपावती. पुराना है, पण वजनवाला है."

ममताने वाटी वाचली. मग पुन्हा वाचली, जणू दुसऱ्या वेळी दुसरं काही निघणार होतं. बाळ तिच्या खांद्यावर उचकी देत होतं. ती सरळ चालत हॉलच्या मागच्या खोलीत गेली. तिथे सोसायटीचे कॅरम बोर्ड आणि गणपतीचं मखर ठेवलेलं असायचं. चंदन तिच्या मागोमाग आला. बाळाचा बाप तो, पण या घरात तोही धाकटाच.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"गुरुवारी कळलं."

"आज रविवार आहे."

"मध्ये शनिवार आला ना. तू केस धुतले होतेस, बरी दिसत होतीस, म्हटलं कशाला."

"चंदन."

"अगं बाबांना कोण सांगणार? आणि आता तर कोरून झालंय." कोरून झालंय, हे त्याने असं म्हटलं जणू शिलालेखच.

दारात रुचिता येऊन उभी राहिली. चंदनची मोठी बहीण, भाईंदर पूर्वेला दिलेली. बाळाची आत्या. पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं ते तिनेच. तिने दोघांची तोंडं बघितली आणि तिला सगळं कळलं.

"हे बघ ममता," ती म्हणाली, "कानात काय सांगायचं ते माझ्या हातात आहे. मी कानात सई म्हणते. बाहेर मोठ्याने चंपावती सांगते. बाबा खूश, तू खूश. कोणाला कळणारे?"

"हिला कळेल," ममता म्हणाली. "हिच्याच कानात सांगणार ना तुम्ही, ताई?"

चंदनने मखराचा एक थर्माकोलचा खांब सरळ केला.

ममता कॅरम बोर्डाला टेकून बसली. तिला भाऊ नाही, बहीण नाही. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा इतकी माणसं एका वेळी बोलताना तिने कधी ऐकली नव्हती. सगळे सगळ्यांशी बोलायचे, तिच्याशी मात्र कामापुरतं. वाईट नव्हतं कोणी, फक्त तिची पाळी येईपर्यंत विषय संपलेला असायचा. आणि आता हा सव्वा महिना दुपारच्या वेळी, खिडकीशी बाळाला मांडीवर घेऊन, ती तासन्‌तास बोलत होती. डाळ शिजली की नाही, कांताबेनच्या पोपटाने काय केलं, आपल्या आजीचं घर कसं होतं. समोरचे दोन डोळे सगळं ऐकून घ्यायचे. सई, सई असं म्हणतच ते बोलणं चाले. ते नाव तिने शोधलं नव्हतं. ते तिच्या तोंडातून आपोआप आलं होतं.

"मी काही बोलणार नाही," ती शेवटी म्हणाली. "चला बाहेर. लोक आलेत."

दारातून हंसाबाई हे ऐकत होत्या. त्या पेढ्यांचं तबक न्यायला आल्या होत्या. सुनेचा तो आवाज, काही बोलणार नाही म्हणणारा, त्यांना ओळखीचा वाटला. कुठे ऐकलाय ते जरा वेळाने आठवलं. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहायला सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतःच हे स्वतःला सांगितलं होतं. तोपर्यंत एकोणीस वर्षं त्या द्वारका होत्या. हंसा हे नाव चंपावतीबाईंनी काढलेलं. द्वारका म्हणून आता त्यांना हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं, पण रस्त्यात कोणी दुसऱ्याच द्वारकेला हाक मारली तरी त्यांची मान अजून वळायची.

तबक तिथेच ठेवून त्या बाहेर आल्या आणि पहिल्या रांगेत कांताबेनशेजारी बसल्या.

*

नीरजला समितीच्या खुर्चीत बसून घाम फुटला होता. एकतर पंखा मरगळल्यासारखा फिरत होता. दुसरं म्हणजे आईचा चेहरा त्याला काही बरा दिसत नव्हता.

आयरिन समोर उभी राहून जागा दाखवत होती. पडदा म्हणून भिंतीवर टांगलेल्या चादरीवर सोसायटीचा नकाशा पडला होता आणि कॉफीच्या टाकीबरोबर उजळत-विझत होता. "ए जागा, मेन गेटजवळ. बी जागा, पंप रूमच्या बाजूला. सी जागा, मागच्या बागेचा कोपरा. कंपनीने अजून काहीही ठरवलेलं नाही. तुमच्या मताने ठरेल."

"गेटजवळ नको," गेटजवळच्या विंगमधले सगळे म्हणाले.

"पंपाजवळ पाणी असतं. शॉक लागेल," पंपाजवळचे म्हणाले.

"उद्योग प्रतिनिधींचं काय म्हणणं आहे?" आत्मारामांनी समोर बघत विचारलं. नीरज त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होता.

"रहिवासी प्रतिनिधींना सांगा," नीरज आयरिनकडे बघून म्हणाला, "की इस्टेटला सी जागा सोयीची. केबल भिंतीवरून थेट नाल्यापलीकडे जाते. आमच्या मोटरी जळतात."

"उद्योग प्रतिनिधींना सांगा, सी जागेच्या वर कोणाची खिडकी आहे ते बघा."

"रहिवासी प्रतिनिधींना सांगा, त्या खिडकीतला मिक्सर पण चालत नाही."

आयरिन एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. "तुम्ही एकमेकांना सांगितलं तरी चालेल," ती म्हणाली. दोघांनीही ते ऐकलं नाही असं दाखवलं.

"हवा नथी आवती," कांताबेन मध्येच म्हणाल्या. "ये बैनर थोडा ऊपर करो." कोणी हलेना, म्हणून त्या स्वतःच उठल्या. खिडकीशी जाऊन त्यांनी 'आपली वीज, आपलं मत' खालून धरून वर गुंडाळलं.

बाहेर मागच्या बागेचा कोपरा दिसत होता. तिथे कमरेइतका चौकोनी खड्डा होता, आणि खड्ड्याच्या काठावर पाय सोडून एक माणूस वडापाव खात होता.

"ये क्या है?" कांताबेन म्हणाल्या.

पहिली रांग उठली. मग दुसरी. मग बाकी सगळे खिडकीवर आले.

"ए, कोण तू?" आत्मारामांनी गजांतून हाक मारली.

"ईश्वर," तो माणूस म्हणाला. "कॉन्ट्रॅक्टरचा."

"हा खड्डा कसला?"

"ट्रान्सफॉर्मरचा."

"कोणी सांगितला खणायला?"

"साहेब बोलले शनिवारी रात्री खणून ठेव, रविवारी मिटिंग हाय."

टाकीत कॉफी उकळत होती. आयरिनने प्रोजेक्टर बंद केला. तिचा चेहरा इतका पडला की नीरजला तिचंच वाईट वाटलं. तिलाही कोणी सांगितलेलं नव्हतं, हे तिच्याकडे बघून कळत होतं.

आत्माराम माइककडे चालत गेले. फेटा सरळ केला. नीरजने ही चाल लहानपणापासून बघितली होती. आता भाषण होणार होतं.

"मित्रहो," ते म्हणाले, "ही आपली किंमत. आधी ठरवायचं, मग विचारायला यायचं. आपण जीव तोडून मतं सांगायची, यांनी मान डोलवायची, 'छान' म्हणायचं, आणि करायचं तेच जे आधी ठरलंय. याला विचारणं म्हणतात का? हा नुसत्या मताचा नाही, माणसाचा अपमान आहे. विचारायचं नसेल तर विचारू नका. पण विचारलंत तर ऐका."

टाळ्या पडल्या. गेटवाले आणि पंपवाले, दोघांनीही वाजवल्या. विठूने दाराची कडी वाजवली. नीरजचेही हात टाळीसाठी वर आले, आणि मग त्याला जाणवलं की टाळ्या वाजवत नाहीत ती फक्त त्याच्याच घरची माणसं. रुचिता चंदनकडे बघत होती, चंदन छताकडे. ममता बाळाच्या टोपड्याची गाठ सोडत होती आणि पुन्हा बांधत होती.

हंसाबाई उभ्या राहिल्या. हातात वाटी होती.

"मला विचारायचंय एक," त्या म्हणाल्या.

"अगं, हे कंपनीचं चाललंय."

"मी पण ग्राहकच आहे. वाट्या कोरायला कधी दिल्यात?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"मागच्या सोमवारी दिल्यात. मीच नीरजला सांगितलं. आणि नावं विचारत होतात शुक्रवारपर्यंत. शुक्रवारी तर तुम्ही विठूला पण विचारलंत."

"हां, मला विचारलंन," विठू दाराशी म्हणाला. "मी गुलाब सांगितलं. छान म्हणाले."

कोणीतरी हसलं. मग ते हसू मागच्या रांगांपर्यंत गेलं, आणि तिथून पुढे परत आलं. आत्मारामांनी माइक बंद केला. पुन्हा चालू केला. त्यांची मान फेट्याखाली तांबडी व्हायला लागली होती. ते रागावणार की काय, हे नीरजला सांगता येईना. त्यांनी हंसाबाईंकडे बघितलं, मग वाटीकडे, मग ममताकडे. ममता खाली बघत होती. ती रडत वगैरे नव्हती. तिने नुसती टोपड्याची गाठ पुन्हा एकदा सोडली.

आत्माराम वळले. दिवाळीनंतर पहिल्यांदा त्यांनी थोरल्या मुलाच्या डोळ्यांत बघितलं.

"नीरज," ते म्हणाले, "स्टीलवरचं अक्षर पुसता येतं?"

नीरज खुर्चीत पुढे सरकला. "येतं, बाबा. बफिंगच्या चाकावर घासलं की जातं. पण व्होल्टेज पाहिजे."

आता मात्र सगळा हॉल हसला. आयरिनसुद्धा. ती हसली आणि मग एकदम फोन काढून कोपऱ्यात गेली. सुरुवातीला तिचा आवाज ऑफिसचा होता. "सर, सर, माझं ऐका." पण जरा वेळाने तो उत्तनचा झाला. "न्हाय सर. तुम्ही या हितं आन सांगा लोकांना. शंभर मानूस हाय. आन बारसं बी हाय. मी न्हाय सांगायची." ती परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"खड्डा बुजवतील," ती म्हणाली. "पण जागा द्यावी लागंल आज. कुठलीतरी. नायतर उद्या परत खणतील." मग तिला काही आठवलं. "ती वरची खिडकी कोणाची?"

"माझी," ममता म्हणाली.

"मग तुमचं मत मी विचारलंच न्हाय की."

माइक तिच्यापर्यंत येईपर्यंत ममताने बाळ एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. "खिडकीखाली नको," ती म्हणाली. आपला आवाज स्पीकरमधून येताना ऐकून ती दचकली, आणि जरा हळू बोलायला लागली. "तो दिवसभर घूंऽऽ करत असतो ना? ही दुपारी तिथे झोपते. आणि मी तिच्याशी बोलत असते. आम्हाला दोघींना ऐकू यायला पाहिजे." मग ती म्हणाली, "पण दादांच्या मोटरी पण जळायला नकोत."

नीरज उठला. हे त्याने आधी ठरवलेलं नव्हतं. "माझ्या गाळ्याच्या मागे भंगार टाकायची जागा आहे," तो म्हणाला. "नाल्याच्या भिंतीला लागून. इस्टेटची आहे, पण वापरतो मीच. बाकीच्या गाळेवाल्यांशी मी बोलतो. तिथे बसवा. केबल उलटी इकडे आणा."

"आणि तुझं भंगार?" आत्मारामांनी विचारलं.

"बघू कुठे ठेवायचं."

"सोसायटीची सायकलींची शेड रिकामीच असते," आत्माराम म्हणाले. "मी कमिटीला विचारतो." मग घाईने जोडलं, "विचारतो म्हणजे, खरंच विचारतो."

*

आयरिनने सामान आवरलं तरी ती गेली नाही. तिला जेवायला थांबवून घेतलं होतं. बॅनर गजांवरून काढला होता. बाहेर ईश्वर खड्ड्यात माती लोटत होता, आणि बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या. ममताने बाळाला पाळण्यात ठेवलं. नाव काय, हे अजून कोणालाच माहीत नव्हतं, किंवा सगळ्यांना माहीत होतं आणि वाटी उपडी करून ठेवली होती.

आत्माराम बायकांमधून वाट काढत आले. बारशाच्या पाळण्याशी पुरुषांचं काही काम नसतं, म्हणून त्यांना वाटही मिळेना. "सरका जरा," ते म्हणाले. गळ्यातला समितीचा बिल्ला त्यांनी काढून खिशात टाकला.

"ममता," ते म्हणाले, "नाव काय ठेवायचं?"

"सई, बाबा."

"छ—" ते म्हणाले, आणि थांबले. सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. "म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. "अर्थ काय त्याचा? महिनाभरात मी विचारलाच नाही."

"सई म्हणजे मैत्रीण."

"कोणाची?"

"आत्ता तरी माझी. मला इथे..." तिने वाक्य अर्धंच सोडलं. "पुढे तिचं ती बघेल."

आत्माराम पाळण्याच्या कडेला हात ठेवून उभे राहिले. आईचं नाव ठेवायचं त्यांच्या मनात किती वर्षं होतं, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. तेही सांगायचं राहूनच गेलं होतं. "माझ्या आईला मैत्रीण नव्हती," ते म्हणाले. "एकही नव्हती. असती तर बरं झालं असतं. सगळ्यांनाच."

"सगळ्यांनाच," हंसाबाई म्हणाल्या, आणि दुसरीकडे बघायला लागल्या.

"रुचिता, सांग कानात."

रुचिता वाकली. कानाशी तोंड नेऊन तिने कुर्रर्र केलं, आणि जे नाव सांगितलं तेच उभी राहून मोठ्याने सांगितलं. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. कांताबेनचा धपाटा जरा जास्तच जोरात बसला. त्यांना हा प्रकार नवा होता आणि फार आवडला होता. चंदनने पेढे वाटायला घेतले आणि पहिला आयरिनला दिला. बाळ या सगळ्यात झोपून गेलं होतं.

जेवणाच्या पंगतीकडे लोक वळले तरी आत्माराम पाळण्याशीच होते. ममता पाळण्याला झोका देत होती.

"सई," त्यांनी हळूच म्हणून बघितलं. मग पुन्हा, जरा वेगळ्या आवाजात. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. ममताला ती आठी ओळखीची होती, सोसायटीच्या सभेत कोणीतरी मुद्दा विसरलं की ती पडायची.

"एक राहिलं," ते म्हणाले.

"काय, बाबा?"

त्यांनी पाळण्यात झोपलेल्या नातीकडे बोट दाखवलं. "हिला विचारलं का कोणी?"

ममता त्यांच्याकडे बघत राहिली. मग दिवसभरात पहिल्यांदा तिला हसू आलं, असं की झोका चुकला.

"अठरा वर्षांची झाली की विचारू," ती म्हणाली.

"तेव्हा मी असेन का?"

"असायलाच पाहिजे. बैठक तुम्हीच बोलवायचीय."

आत्मारामांनी जवळची खुर्ची ओढली, बसले, आणि तिच्या हातातून पाळण्याची दोरी घेतली. "जा, जेवून घे तू," ते म्हणाले. "मी तारखेचं बघतो."